नवीन फ्लॅट घेताय? आधी वहीत हे आकडे मांडा

आमच्या रस्त्यावरच्या होर्डिंगवर '२ बीएचके ६० लाखांपासून' असं लिहिलेलं होतं आणि त्या ६० च्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक चांदणी होती. ती चांदणी आम्हाला साडेसतरा लाखांच्या वर पडली, आणि त्यात फर्निचर धरलेलं नाहीये. फसवलं वगैरे कोणी नाही, सगळं कुठे ना कुठे छापलेलं होतं, फक्त एका कागदावर एकत्र कोणी दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता मित्रमंडळीत कोणी पुनावळे-रावेत-मोशी भागात फ्लॅट बघायला निघालं की मला फोन येतो, प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय. सगळा हिशोब पुणे-पिंपरी चिंचवडचा, बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा.

एक शंभर पानी वही घ्या. एक्सेल नको, एक्सेलमध्ये आपण आकडे आपल्याला हवे तसे गोड करून घेतो असा माझा अनुभव. प्रत्येक खर्चापुढे दोन गोष्टी लिहायच्या, हे पैसे बँक देणार का आपल्या खिशातून जाणार, आणि कोणत्या महिन्यात जाणार. बिल्डरच्या कॉस्ट शीटमध्ये नेमक्या ह्याच दोन गोष्टी नसतात. लोक टोटल बघतात आणि ईएमआय बघतात, आणि अडकतात मात्र मधल्या तीन महिन्यांत.

आधी एरिया. अजूनही सेल्सवाले बोलता बोलता 'नऊशेपन्नासचा टू बीएचके' म्हणतात, तो सेलेबल, म्हणजे भिंती, जिने, लॉबीचा वाटा धरून फुगवलेला एरिया. तुम्ही फक्त रेरा कार्पेट विचारायचा, म्हणजे रेरा ह्या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे मोजलेला आतला एरिया. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. आमचा कार्पेट निघाला ६९० स्क्वेअर फूट. करारात एरिया चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणलं की फूट येतात, मोबाईलवर तिथल्या तिथे करून बघा. आणि सँपल फ्लॅट बघून हुरळू नका. आमची आई त्या बेडरूममधल्या पलंगाशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, ह्याच्यावर झोपणार कोण, शाळेतलं पोर? खरंच पलंग आखूड होता, कपाटाची खोली पण कमी होती आणि आतल्या खोल्यांना दारंच नव्हती, दारं नसली की खोली मोठी वाटते. मेजरिंग टेप घेऊन जा, लाजायचं काही कारण नाही.

आता कॉस्ट शीट. आमची अशी होती. ६९० फुटाला ८,८०० चा रेट म्हणजे ६०,७२,००० (हेच ते होर्डिंगवरचे ६० लाख). मग फ्लोअर राईज, चौथ्या मजल्याच्या वर दर मजल्याला ४० रुपये फूट, आम्ही नवव्या मजल्यावर म्हणजे पाच मजले, २०० रुपये गुणिले ६९०, झाले १,३८,०००. कव्हर्ड पार्किंग ३,५०,०००. आणि 'इन्फ्रास्ट्रक्चर अँड डेव्हलपमेंट' ह्या नावाखाली २,४०,०००, ते कशाचे असं विचारल्यावर सेल्सच्या मुलाने 'सर रोड, लाईट, गार्डन' असं सांगितलं, म्हणजे रोड-लाईट नसता तर आम्ही हेलिकॉप्टरने येणार होतो का हे मी मनातच ठेवलं. टोटल बरोबर ६८ लाख. ही झाली ॲग्रीमेंट व्हॅल्यू, पुढचे सगळे टक्के हिच्यावर लागतात, त्यामुळे घासाघीस करायची ती इथेच करायची. 'सर रेट कमी नाही होणार पण मॉड्युलर किचन फ्री देतो' असं म्हणाले तर किचन नको, तेवढे पैसे ह्या आकड्यातून कमी करा म्हणावं, कारण ह्यातला प्रत्येक लाख कमी झाला की ड्युटी आणि जीएसटी मिळून आणखी ११-१२ हजार आपोआप कमी होतात. 'स्टॅम्प ड्युटी झिरो' वाल्या ऑफरलाही तेच, आधी विचारायचं की ऑफर नको असेल तर रेट काय, मग कळतं झिरो कुठून आलंय ते.

पार्किंगबद्दल एक. उघड्यावरचं पार्किंग बिल्डर विकू शकत नाही, आणि स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पण वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये, रेराच्या आधीच्या कायद्याखाली, सांगितलं होतं. कव्हर्ड पार्किंगचे पैसे घेत असतील तर नंबर, लांबी-रुंदी आणि उंची करारात लिहून घ्या, २०२४ मध्ये महारेराने (राज्यातलं रेराचं प्राधिकरण) त्याचं परिशिष्टच करारासोबत लावायला सांगितलंय. आमच्या एका शेजाऱ्यांचं पार्किंग कॉलमला इतकं चिकटून आलंय की ड्रायव्हरला उतरायला शेजारच्या दाराने यावं लागतं.

मग सरकारचे पैसे. पुणे आणि पिंपरी चिंचवडमध्ये स्टॅम्प ड्युटी सगळे अधिभार धरून ७ टक्के, मुंबईत ६. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. फक्त बाईच्या म्हणजे फक्तच, नवराबायको जॉइंट केलं की सूट गेली, सासू-सून किंवा दोघी बहिणी चालतात. पूर्वी ह्या सुटीला एक अट होती की १५ वर्षं तो फ्लॅट पुरुषाला विकायचा नाही, ती अट २०२३ मध्ये काढली. आमचे ६८ लाखांचे एक टक्का म्हणजे ६८,००० वाचले. ह्यावर सगळे विचारतात की मग माझं टॅक्सचं काय, लोन तर माझ्या पगारावर आहे. बरोबर आहे, घर नावावर नसेल तर व्याजाची वजावट तुम्हाला मिळत नाही. पण राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट मुळात जुन्या टॅक्स रेजीममध्येच आहे. तुम्ही नव्या रेजीममध्ये गेला असाल तर तसंही काही मिळत नव्हतं, मग ६८ हजार का सोडायचे. जुन्यात असाल तर मात्र सीएकडे बसून हिशोब करा. आणि घर कोणाच्या नावावर हा प्रश्न फक्त टक्क्यांचा नसतो, घरात आधी बोलून घ्या.

ड्युटी ही ॲग्रीमेंट व्हॅल्यू आणि रेडी रेकनर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी किंमत) ह्यातल्या जास्त आकड्यावर लागते. रेकनरचा दर १ एप्रिलला बदलू शकतो, २०२५ ला वाढलाच, तेव्हा मार्चमध्ये बुकिंग असेल तर रजिस्ट्रेशन एप्रिलवर ढकलण्याआधी बघून घ्या. रेट नोंदणी विभागाच्या साईटवर गावानुसार दिसतात. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही.

जीएसटी ५ टक्के. आमचे ३,४०,०००. हा फक्त ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) येण्याआधी घेतलेल्या फ्लॅटवर लागतो, ओसी मिळालेल्या रेडी फ्लॅटवर शून्य. आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर ५ च्या ऐवजी १ टक्का, कार्पेटची मर्यादा मुंबई पट्ट्यात ६० चौरस मीटर आणि पुण्यात ९०. इथे एक खड्डा आहे बरं का. ते ४५ लाख म्हणजे बेसिक रेट नाही, पार्किंग, फ्लोअर राईज, डेव्हलपमेंट सगळं धरून. माझ्या मावसभावाला ४४ लाखांचा फ्लॅट १ टक्क्यात बसतो असं तोंडी सांगितलं होतं, वर पार्किंगचे ३ लाख लागले आणि ४७ झाले, मग पूर्ण ४७ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २,३५,०००. ४५ लाखांत बसवलं असतं तर ४५,००० मध्ये भागलं असतं. दोन लाखांच्या जास्त किमतीसाठी एक लाख नव्वद हजार जास्तीचा टॅक्स. तुमचा आकडा ४५ च्या आसपास घुटमळत असेल तर बिल्डरशी ह्याच मुद्द्यावर बसा, तोही ऐकतो.

आता महत्त्वाचं, आणि हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. सगळे म्हणतात वीस टक्के आपले, ऐंशी बँकेचे. ६८ चे २० टक्के १३,६०,०००, तेवढे आमच्याकडे होते, एफडी मोडून आणि बाबांकडून थोडे घेऊन. पण बँक ते ८० टक्के कशाचे देते? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाहीत (१० लाखांपर्यंतची छोटी घरं सोडून). जीएसटी काही बँका धरतात काही धरत नाहीत, सँक्शनच्या आधी विचारा. आमच्या बँकेने नाही धरला. मग वही अशी झाली:

ॲग्रीमेंट व्हॅल्यू ६८,००,०००
स्टॅम्प ड्युटी ६ टक्के ४,०८,०००
रजिस्ट्रेशन ३०,०००
जीएसटी ३,४०,०००
लोनची फी, वकील, व्हॅल्युअर, मॉर्गेजची ड्युटी आणि नोटीस सगळं मिळून ३०,००० च्या आसपास
पझेशनच्या वेळचे १,५३,०००
एकूण ७७,६१,०००
त्यातलं लोन ५४,४०,०००
आपले २३,२१,०००

साडेतेरा समजून बसलो होतो ते सव्वातेवीस निघाले. ज्या रात्री ही बेरीज केली त्या रात्री बायकोने वही हातातून घेऊन परत बेरीज केली, मग मी परत केली. दोघांची सारखीच आली. तेव्हाच कळलं की बुकिंग आधी झालं आणि हिशोब नंतर.

म्हणून पैसे कधी जातात ते बघा. टोकन म्हणून ५१ हजार-लाख देता तेव्हा अलॉटमेंट लेटर मागा. महारेराच्या नमुना लेटरप्रमाणे १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काही कापत नाहीत, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यानंतर २ टक्के, आणि हे टक्के टोकनचे नाहीत, फ्लॅटच्या किमतीचे. ६८ लाखांचा १ टक्का ६८ हजार, म्हणजे ५१ हजारांचं टोकन पूर्ण गेलंच समजा. तेव्हा लोन बसतंय का ते पहिल्या पंधरा दिवसांतच बँकेकडून काढून घ्या. करार रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त मागू शकत नाही, रेराच्या कलम १३ मध्ये आहे. कोणी 'सर २० टक्के भरा मग ॲग्रीमेंट करू' म्हणालं तर कलमाचा नंबर सांगायचा, आवाज न चढवता.

कराराच्या आठवड्यात ड्युटी आणि रजिस्ट्रेशन एकदम जातं, आमचे ४,३८,०००. हल्ली बऱ्याच ठिकाणी बिल्डरच्या ऑफिसातूनच रजिस्ट्रेशन होतं, वेबकॅमवर फोटो, मशीनवर अंगठा, दोन साक्षीदार. माझ्या सासऱ्यांना साक्षीदार म्हणून नेलं होतं, आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाचा अंगठा मशीन घेईचना, मग ओला फडका, मग दुसरं बोट, अर्धा तास तिथेच गेला. घरी आल्यावर इंडेक्स टू (नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा) डाऊनलोड करून नाव, एरिया, सर्व्हे नंबर आणि रक्कम अक्षर अक्षर तपासा.

त्यानंतर कन्स्ट्रक्शन लिंक्ड, म्हणजे बांधकाम पुढे सरकेल तसे हप्ते. महाराष्ट्राच्या नमुना करारात टप्पे ठरलेले आहेत, करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ (जोतं) झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती-प्लास्टर-फरशी-दारंखिडक्या ७५, मग ८०, ८५, लिफ्ट-पंप वगैरे झाल्यावर ९५ आणि शेवटचे ५ ओसीसकट पझेशनला. बँक आधी तुमचे पैसे संपवायला लावते, मग तिचे सुरू करते. पण जीएसटी प्रत्येक डिमांड लेटरसोबत (बिल्डरचं हप्ता मागणारं पत्र) येतो आणि तो आमच्यासारखा खिशातून असेल तर प्रत्येक स्लॅबला झटका. ५ टक्क्यांची डिमांड म्हणजे ३,४०,०००, त्यावर १७,००० आपले, आणि स्लॅब काही पगाराची तारीख बघून पडत नाहीत, आमचे सलग तीन महिने तीन आले.

त्यात प्री-ईएमआय, म्हणजे पूर्ण लोन दिलं जाईपर्यंत दिलेल्या रकमेवरचं व्याज. बँकेने २५ लाख दिलेत आणि व्याज साडेआठ टक्के धरलं तर महिन्याला १७,७०० च्या आसपास नुसतं व्याज, मुद्दल एक रुपया कमी होत नाही. आणि तोवर राहत होतो त्या काळेवाडीच्या घराचं भाडं १८ हजार चालूच. ह्या खर्चाची ओळ कुठल्याच कॉस्ट शीटमध्ये नसते. रेडी फ्लॅट महाग वाटतो ना, त्याच्याशी तुलना करताना जीएसटी आणि किमान दोन वर्षांचं हे डबल ओझं धरून करा, बऱ्याचदा फरक निम्म्यावर येतो. पझेशन लांबलं तर तेच ओझं अजून लांबतं. करारातल्या तारखेला ताबा दिला नाही तर घर ठेवूनही उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं, पण त्यासाठी करारात तारीख नीट असावी लागते, आणि महारेराच्या साईटवर प्रोजेक्टची पूर्णत्वाची तारीख वेगळीच असू शकते, दोन्ही बघा. सेल्सवाला तिसरी सांगतो, ती फक्त ऐकायची.

टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा इन्कम टॅक्स) विसरू नका. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का तुम्ही कापून सरकारकडे भरायचा, हा जास्तीचा खर्च नाही, बिल्डरला द्यायच्या पैशातूनच जातो. टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, पॅनवर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून भरता येतो. गंमत अशी की बँक डिमांडचे पूर्ण पैसे सरळ बिल्डरला पाठवते आणि आपला टीडीएस कापायचा राहून जातो. माझ्या ऑफिसातल्या एकाला वर्षभराने नोटीस आली, लेट फी दिवसाला २०० रुपये. प्रत्येक हप्त्याला भरायचा, महिना संपल्यापासून ३० दिवसांत.

पझेशनच्या वेळचे १,५३,००० म्हणजे काय ते पण सांगतो. मेंटेनन्स ४ रुपये ५० पैसे फूट, ६९० फूट, २४ महिने ॲडव्हान्स, ७४,५२० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८८ हजारांच्या जवळ. लाईट मीटर-ट्रान्सफॉर्मरचे ४० हजार, सोसायटी नोंदणी आणि लीगलचे २५ हजार. हे आकडे करारात असतात, शेवटच्या पानांत. आमच्याकडे पझेशनच्या आधी एक ईमेल आला, त्यात करारात नसलेला 'क्लब हाऊस मेंबरशिप' नावाचा ७५ हजारांचा आकडा होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर अठरा जणांनी मिळून एकच ओळीचं पत्र दिलं, कराराचं कोणतं कलम ते कळवावे. आकडा गेला. एकट्याने विचारलं असतं तर गेला असता का, शंका आहे.

फर्निचरवर मी फार बोलत नाही, ज्याची त्याची हौस. पण नवीन फ्लॅट म्हणजे 'राहायला तयार' नसतो. पंखे, ट्यूब, गिझर, पडद्याचे रॉड, सेफ्टी डोअर, बाल्कनीला जाळी, ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालायची सोय, किचनच्या ट्रॉल्या, ह्यातलं काहीच नसतं. पहिल्या महिन्यात दीड-दोन लाख नुसते ह्यात गेले आणि कपाटं अजून झालेली नाहीत. वास्तुशांतीचा खर्च वेगळा, आमच्या घरात तो कमी करण्याची सूचना मी एकदाच केली. पुणे मनपाच्या हद्दीत असाल तर स्वतः राहता म्हणून मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ फॉर्म आपण होऊन भरावा लागतो.

आणि चावी घ्यायच्या दिवशी घाईत सह्या करू नका, शेवटचे ५ टक्के तोपर्यंत तुमच्या हातात असतात. ओसीची प्रत आधी मागा. मग एक बादली, एक गोटी आणि मोबाईलचा चार्जर घेऊन जा. चार्जरने प्रत्येक पॉइंट तपासा, गोटी फरशीवर ठेवा, बादलीभर पाणी बाथरूममध्ये आणि टेरेसवर ओतून कुठे जातं ते बघा. जे निघेल ते फोटोसकट ईमेल करा. ताबा घेतल्यापासून ५ वर्षं कामातले दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. आमच्या टेरेसचं पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी हॉलच्या दाराकडे येतं. पत्र दिलंय, आज एकोणिसावा दिवस, दाराशी सध्या जुनी सतरंजी गुंडाळून ठेवलीये.